दाढ ठणकते तेव्हा आधी काय, मग काय : कोल्हापूरकरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

दाढ दुखायला लागली की आपल्याकडे बहुतेक जण एकाच वाटेनं जातात. पहिल्या रात्री लवंग, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या, ठणका थांबला की विसर आणि पुढं कधीतरी गाल सुजला की धावपळ. दंतवैद्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोवर साध्या फिलिंगवर भागली असती ती दाढ रूट कॅनॉलवर (आतली नस काढून मुळं साफ करून भरण्यावर) गेलेली असते, नाहीतर काढावीच लागते. औषधं आपल्याला ठाऊक असतात, क्रम चुकतो. म्हणून इथं क्रम दिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला, असं नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की ती नस सुजते. भोवती दाताची कठीण भिंत असल्यामुळं सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून असह्य ठणका लागतो. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणं एकाएकी बंद होतं. माणसाला वाटतं, गोळीनं काम केलं. पण जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात शिरायला लागलेले असतात. पुढच्या वेळी ठणक्याबरोबर पू आणि सूज येते. म्हणून ठणका थांबला तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठायला हवा आणि नेमका तोच आठवडा आपण वाया घालवतो.

टप्पा १ : हे उद्यावर टाकता येईल का?

बहुतेक दाढदुखी एक-दोन दिवस थांबू शकते. खालची लक्षणं मात्र थांबू शकत नाहीत :

- सूज डोळ्याकडं चढतेय, किंवा हनुवटीखाली आणि गळ्याकडं उतरतेय
- गिळताना त्रास होतोय, लाळ गळतेय, आवाज जड झालाय, जीभ वर उचलल्यासारखी वाटतेय
- श्वास घ्यायला त्रास होतोय
- तोंड उघडतच नाही आणि जोडीला थंडी-ताप आहे
- दाढ काढल्यावर तासभर कापूस घट्ट दाबूनही रक्त थांबत नाही
- जबड्याला मार लागलाय आणि दात एकमेकांवर नीट बसत नाहीत

यातलं एकही असेल तर दंतवैद्याची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, गाडीची सोय नसेल तर १०८ लावा. जबड्याखालची सूज श्वासनलिकेवर दाब आणू शकते आणि ती काही तासांत वाढते. मधुमेह असेल तर आणखी घाई करा.

इशारा : डाव्या जबड्यात दुखतंय, सोबत घाम, छातीत जडपणा किंवा दम लागतोय, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. आधी ईसीजी, मग दात.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे मार लागून अख्खा निखळून पडलेला दात. तालमीत, फुटबॉलच्या मैदानावर, दुचाकीवरून पडून हे नेहमी होतं. कायमचा दात असेल तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं क्षणभर विसळा, घासू नका. माणूस शुद्धीवर असेल तर दात लगेच त्याच्या जागी बसवून रुमालावर हलकेच चावायला सांगा. ते जमत नसेल तर वाटीभर गार दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. लोक हमखास तो दात कागदात किंवा रुमालात गुंडाळून आणतात. वाळलेल्या मुळावरच्या पेशी मरतात आणि मग दात धरत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

टप्पा २ : दुखणं कागदावर उतरवा

खुर्चीत बसल्यावर बहुतेक जण “सगळीकडंच दुखतंय” एवढंच सांगतात. वरची दाढ दुखते की खालची, हेही कित्येकदा कळत नाही, कारण नसेचं दुखणं पसरतं. म्हणून घरीच चार ओळी लिहून ठेवा : कधीपासून, कशानं वाढतं, किती वेळ टिकतं, रात्री जाग येते का.

या उत्तरांवरून बराच अंदाज येतो. गार पाण्यानं चमक येऊन लगेच जात असेल, तर बहुधा नस अजून शाबूत आहे. दाताची झीज, उघडी पडलेली मुळं किंवा सुरुवातीची कीड असेल. हाच टप्पा स्वस्तात सुटतो. गार-गरम लागल्यावर ठणका बराच वेळ रेंगाळत असेल, आडवं झालं की वाढत असेल, चहानं भडकत असेल, तर नस वाचण्याची शक्यता कमी. फक्त चावताना, तेही सोडताना कळ येत असेल, तर दाढेला चीर गेली असू शकते. मटणाची नळी दातानं फोडणाऱ्यांत आणि दातानं ऊस सोलणाऱ्यांत ही तक्रार मी बरीच पाहिली आहे. सतरा ते पंचवीस वयात शेवटच्या दाढेमागची हिरडी सुजून तोंड कमी उघडतंय, तर ती अक्कलदाढ.

दोन प्रकार दाताचे नसतातच. सर्दीनंतर वरच्या मागच्या सगळ्या दाढा एकदम जड वाटतात आणि वाकल्यावर दुखतात, ते सायनसचं असू शकतं. चेहऱ्याच्या एका बाजूला, वाऱ्याच्या झुळकीनं किंवा नुसत्या स्पर्शानं विजेसारखी कळ काही सेकंद येते, ते चेहऱ्याच्या नसेचं असू शकतं. या दुखण्यापायी चांगल्या दाढा एकामागून एक काढून घेतलेली माणसं आहेत. एक्स-रेत काहीच सापडत नसेल तर दाढ काढायचा हट्ट धरू नका.

तपासा : आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून बघा. काळं छिद्र, तुटलेला कोपरा, हिरडीवर पुटकुळी दिसते का? पुटकुळीतून खारट पू येत असेल तर ती दुखत नसली तरी आत मुळाशी संसर्ग आहे. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, तेही बघा. मावा किंवा गुटखा खाणाऱ्याला तीन बोटं जात नसतील, किंवा तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दाढ बाजूला ठेवून आधी तो दाखवा. कर्करोग लवकर सापडला तर उपचार सोपे असतात.

टप्पा ३ : रात्र काढायची कशी

आधी दात घासा आणि अडकलेलं काढा. मटणाचा धागा दोन दाढांत रुतून बसला तरी नसेच्या ठणक्यासारखं दुखतं. फ्लॉस किंवा दातांत घालायचा बारीक ब्रश वापरा. सुई, पिन, सेफ्टी पिन नको. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. सूज असेल तर बाहेरून गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरा. शेक देऊ नका. झोपताना दोन उशा घ्या, डोकं उंच राहिलं की ठणका कमी होतो.

गोळ्यांचं नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत निदान सहा तासांचं अंतर ठेवून. डॉक्टरांना न विचारता दिवसाला ३ ग्रॅमच्या वर जाऊ नका. रोज दारू पिणाऱ्यांनी आणि लिव्हरचा आजार असणाऱ्यांनी आधी विचारावं. दाताच्या ठणक्यावर आयब्युप्रोफेन जास्त चालतं, कारण ते सूजही उतरवतं : ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसात जास्तीत जास्त तीनदा. पण अल्सर, किडनीचा आजार, हृदयविकार, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर आयब्युप्रोफेन टाळा, फक्त पॅरासिटामॉल घ्या. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरी आयब्युप्रोफेन नको. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. मुलांना ॲस्पिरिन तर नकोच.

इशारा : कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. तिच्यावर आणखी क्रोसिन किंवा डोलो घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं. पाकिटावरची घटकांची ओळ वाचूनच गोळी घ्या.

आता न करायच्या गोष्टी. ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवू नका, हिरडी भाजून पांढरी पडते. लवंगाचं तेल चालतं, पण कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, तोही फक्त दाताच्या छिद्रात. हिरडीवर चोळलं तर तेही भाजतं. पेट्रोल, बॅटरीचं पाणी, चुना असले उपाय अजूनही सांगितले जातात. ते ऐकू नका.

मिसरीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. गावाकडं दाढ दुखली की बायका हमखास मिसरी दाबतात. माझ्या आत्याची दाढ अशीच होती : छिद्रात मिसरी गच्च भरलेली, भोवतीची हिरडी खाली सरकलेली, मुळाचा पिवळा भाग उघडा. मिसरीतल्या निकोटिननं तिला तासभर बरं वाटायचं म्हणून दिवसातून चार-पाच वेळा ती लावायची. कीड तशीच वाढत राहिली आणि सवय मात्र पक्की झाली. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू, तो औषध नाही. घरातल्या बाईला हे रागावून न सांगता, तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन सांगा.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला ‘किडा’ काढून दाखवणारेही आहेत. दातात किडा नसतो. कीड हे जंतूंच्या आम्लानं पडलेलं छिद्र असतं.

आणि प्रतिजैविकं. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या अमॉक्सिसिलिननं सुजलेल्या नसेचा ठणका जात नाही. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा ती लागतात आणि तेव्हाही दाताचा उपचार करावाच लागतो. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर तो कोर्स संपेपर्यंत आणि नंतर निदान तीन दिवस दारू पूर्ण बंद.

टप्पा ४ : कुठं जायचं

कोल्हापुरात तीन वाटा आहेत, आणि कुणी कुठली धरावी हे दुखण्यावर, खिशावर आणि हाताशी असलेल्या वेळेवर ठरतं.

खाजगी दवाखाने राजारामपुरी, शाहूपुरी आणि पेठांतून भरपूर आहेत. ठणका जोरात असेल, नोकरीतून वेळ मिळत नसेल तर हीच वाट. सरकारी वाट म्हणजे सीपीआर, अर्थात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. तपासणी, दाढ काढणं, जबड्याचा मार यांसाठी ही सोय आहे. रूट कॅनॉल किंवा कॅप (दाढेवर बसवायची टोपी) होते का, ते त्याच दिवशी विभागात विचारून घ्या.

तिसरी वाट बरेच जण विसरतात : दंत महाविद्यालयाचं रुग्णालय. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, अशी दोन आहेत. चंदगड भागातल्यांना बेळगावचं केएलई संस्थेचं दंत महाविद्यालय जवळ पडतं. इथं विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खाजगीपेक्षा बराच कमी असतो, प्रत्येक पायरी शिक्षक तपासतात आणि सगळे विशेषज्ञ एका छताखाली असतात. मोबदल्यात वेळ द्यावा लागतो. एका रूट कॅनॉलला तीन-चार फेऱ्या धरा आणि परतीच्या एसटीची वेळ बघूनच निघा. एकापेक्षा जास्त दातांचं काम असेल, कवळी बसवायची असेल, तर माझ्या मते हीच वाट सगळ्यात शहाणपणाची.

खाजगी दवाखाना निवडताना ओळखीच्यांना “डॉक्टर चांगले आहेत का?” असं विचारू नका, उत्तर नेहमी “हो” येतं. “तुमची कॅप किती वर्षं टिकली? नंतर दुखलं तेव्हा त्यांनी परत बघितलं का?” असं विचारा.

दवाखान्यात गेल्यावर या गोष्टी बघा :

- भिंतीवर बीडीएस (दंतवैद्यकाची मूळ पदवी) किंवा एमडीएसची (त्यापुढची विशेषज्ञाची) पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? नसेल तर विचारा, विचारण्यात गैर काही नाही.
- हत्यारं बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जातात का? निर्जंतुकीकरणाच्या पाकिटावर एक खूण असते. ऑटोक्लेव्हमधून (वाफेनं जंतू मारायच्या यंत्रातून) नीट तापून आली की तिचा रंग बदलतो. सुई नवी, ग्लोव्हज नवे.
- एक्स-रे न काढताच रूट कॅनॉल किंवा दाढ काढायचं ठरवलं जातंय का? तसं असेल तर उठा.

साधं रूट कॅनॉल बीडीएस डॉक्टरही उत्तम करतात. वाकडी मुळं, आधी फसलेलं रूट कॅनॉल, हाडात आडवी रुतलेली अक्कलदाढ यांसाठी त्या शाखेचे एमडीएस हवेत. बऱ्याच दवाखान्यांत असे विशेषज्ञ ठरावीक वारीच येतात. फोनवरच विचारा, काम कोण करणार आणि कुठल्या वारी.

टप्पा ५ : जाण्याआधीची तयारी

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे उपाशी जाणं. दात काढायला किंवा रूट कॅनॉलला हिरडीत भूल देतात, त्यासाठी उपाशी राहायचं नसतं. उपाशीपोटी चक्कर येते, मधुमेह्यांची साखर घसरते. नाश्ता करा, नेहमीच्या गोळ्या घ्या, दात घासा आणि सकाळची वेळ मागा.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. “बीपीची पांढरी गोळी” यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची झडप बदललेली, हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, गरोदरपण, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

इशारा : दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. हिरडीचं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी नाही.

गरोदर बाईनं बाळंतपणापर्यंत दाढ दुखत ठेवू नये. दाताचे उपचार गरोदरपणात करता येतात, मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे. आणि वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, ही भीती पार काढून टाका. दाताची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत.

टप्पा ६ : खुर्चीतून उठण्याआधी विचारायचं

निदान झालं की लगेच “करा” म्हणू नका. एक्स-रे स्क्रीनवर दाखवायला सांगा. काळी सावली कुठं आहे, नसेपर्यंत गेली आहे का, मुळाच्या टोकाशी काळा गोल आहे का, हे डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं की तुम्हालाही दिसतं. त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तोच उपयोगी पडतो.

मग खर्च लिहून घ्या, एकरकमी आकडा नको. रूट कॅनॉलचे वेगळे, आतली भर किंवा पोस्ट (मुळात बसवायची आधाराची काडी) लागली तर त्याचे वेगळे, कॅपचे वेगळे. भांडणं बहुतेक इथंच होतात : फोनवर सांगितलेला आकडा फक्त रूट कॅनॉलचा असतो आणि कॅपचा खर्च शेवटी कळतो. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची की झिर्कोनियाची (दातासारखी पांढरी, टणक, बिनधातूची), आणि त्या दाताला कुठली का, हे विचारा. मागच्या दाढेला दिसण्यापेक्षा ताकद महत्त्वाची. झिर्कोनिया घेतली तर वॉरंटी कार्ड मागून घ्या.

दाढ वाचवायची की काढायची? मुळं आणि हाड चांगलं असेल तर वाचवा. आज काढणं स्वस्त वाटतं, पण रिकाम्या जागेकडं शेजारच्या दाढा कलतात, समोरच्या जबड्यातली त्या जागेत सरकते आणि पुढं ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात) किंवा इम्प्लांटचा (हाडात स्क्रू बसवून लावलेल्या दाताचा) खर्च येतो. हिरडीखालपर्यंत फुटलेली किंवा खूप हलणारी दाढ मात्र ओढून-ताणून वाचवण्यात अर्थ नाही.

टप्पा ७ : अर्धवट सोडू नका

रूट कॅनॉलच्या पहिल्याच बैठकीत ठणका जातो आणि माणूसही जातो. वर लावलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते आणि साफ केलेली मुळं पुन्हा जंतूंनी भरतात. पुढची तारीख घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. काम चालू असताना दाताभोवती रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, लावतात का हेही विचारा. त्यानं लाळ आत जात नाही आणि बारीक हत्यार घशात पडत नाही.

रूट कॅनॉलनंतर दोन-तीन दिवस चावताना हलकं दुखणं साहजिक आहे. ती दाढ आधी टेकतेय असं वाटलं तर परत जा, पाच मिनिटांत घासून देतात. मागच्या दाढेला कॅप लांबवू नका. नस काढलेली, पोकळ झालेली दाढ कॅपशिवाय उभी चिरते आणि मग काढण्यावाचून इलाज नसतो. कॅप निघाली तर डबीत घालून दवाखान्यात न्या, फेविक्विकनं चिकटवू नका.

दाढ काढली असेल तर :

1. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा. सारखा काढून बघू नका.
2. पहिले चोवीस तास थुंकणं, चूळ भरणं, स्ट्रॉनं पिणं बंद. लाळ गिळा. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी हेच तिथलं झाकण आहे.
3. भूल उतरेपर्यंत गरम चहा नको, चावणंही नको. लहान मुलं बधिर ओठ चावून घेतात, लक्ष ठेवा.
4. पहिल्या दिवशी गार, मऊ जेवण : दहीभात, गार खीर. मिसळ आणि तांबडा रस्सा आठवडाभर नाही.
5. चोवीस तासांनंतर जेवण झालं की कोमट मीठ-पाणी, जोर न लावता.
6. विडी, सिगारेट, मावा, मिसरी निदान तीन दिवस बंद, जमलं तर कायमची.

तपासा : दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कानापर्यंत कळ गेली, तोंडाला वास येऊ लागला, तर गुठळी निघून खड्डा कोरडा पडलाय. गोळ्या वाढवत बसू नका, दवाखान्यात जा. खड्डा धुऊन औषध भरलं की बरंच लवकर उतार पडतो.

मुळाशी संसर्ग असलेल्या दाढेचा एक्स-रे सहा महिने ते वर्षभरानं पुन्हा काढून घ्या. आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघा : काळा गोल लहान होत गेला असेल तर हाड भरतंय. त्याच फेरीत बाकीचे दात तपासून घ्या आणि अजून न दुखणारी एखादी छोटी कीड सापडली तर ती त्याच दिवशी भरून घ्या.